करवंदांचा द्रोण

ऑक्टोबर लागला की इथे अमेरिकेत बॉस्टनहून सेलम गावाला जाणारी लोकल काळ्या टोकदार टोप्यांनी भरून जाते. अर्ध्या तासाचा प्रवास. तिथल्या पोलिसांच्या गाड्यांवरसुद्धा झाडूवर बसलेली चेटकीण आहे. १९९३ च्या 'होकस पोकस' सिनेमाचं चित्रीकरण झालेल्या जागा बघायला लोक लांबून येतात.

त्याच गावात जुन्या दफनभूमीला लागून एक दगडी भिंत आहे आणि तिच्यातून वीस बाकं पुढे आलेली आहेत. १६९२ साली चेटकाच्या आरोपावरून गावात एकोणीस जणांना फाशी दिलं, एकाला अंगावर दगड रचून मारलं. एकेका बाकावर एकेक नाव. आत शिरताना पायाखालच्या दगडांवर त्यांनी कळवळून सांगितलेले शब्द कोरलेत. वाक्य अर्ध्यावर असतानाच भिंत येते आणि ते तुटतं. सारा गुड त्यांतलीच. दारोदार मागून खाणारी. कुणी काही दिलं नाही की पुटपुटत निघून जायची, आणि ते पुटपुटणंच तिच्या विरुद्ध पुरावा ठरलं.

परवा वेंगुर्ल्याहून चुलतभावाचा फोन आला होता. तो चिडलेला; कोकणावरच्या भुताखेतांच्या मालिका-सिनेमांवर बंदीच हवी म्हणत होता. २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले' आली तेव्हाही सिंधुदुर्गात कोकणाची बदनामी होते म्हणून विरोध झाला होता. मग 'मुंज्या'त तर बेटाचं नावच चेटूकवाडी. "आमच्याकडे काय फक्त भुतंच राहतत?" असं त्याचं म्हणणं. ही राग येण्याजोगी गोष्ट आहे हे मला मान्य आहे. पण बंदी नको. मुंजीनंतर गेलेलं पोर पिंपळावर बसतं हे मी आजीच्या कुशीत ऐकलेलं. ते पडद्यावर बघताना इतक्या लांब मला घर आठवलं. आणि 'तुंबाड' तर मला फारच मोठा सिनेमा वाटतो, कारण त्यातली खरी भीती माणसाच्या हावेची आहे.

मला खुपतं ते वेगळंच. आमच्या रात्रीत नुसतं भय नव्हतं. आरवलीच्या वेतोबाला लोक भल्यामोठ्या चपला वाहतात; रात्री गावाची राखण करत फिरताना त्या झिजतात अशी श्रद्धा. अंधारात काठीचा आवाज आला की आजी म्हणायची, "भियाक नको, तो आपलो राखणदार." असा राखण करणारा देवचार सिनेमात क्वचितच दिसतो. चेटकीण मात्र हमखास असते, आणि ती नेहमी एकटी, म्हातारी, केस मोकळे सोडलेली बाई असते.

अशी एक बाई आमच्या वाडीत होती. नवरा गेलेला, मूल नाही. तिच्यावर कुणी उघड आळ घेतला नाही, फक्त तिच्या हातचं कुणी खात नसे. एकदा मे महिन्यात तिने मला पानाच्या द्रोणातून करवंदं दिली. मी वळणापर्यंत नेली आणि गडग्यापलीकडे टाकली. ती बघत होती की नाही, ते मला आजही माहीत नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. अमुक माणूस करणी करतो असं जाहीर करून त्याला छळणं आता गुन्हा आहे. तो कायदा हवाच होता. पण करवंदं टाकणाऱ्या मुलापर्यंत कायदा पोचत नाही, तिथे गोष्टच पोचते. म्हणून मला त्या बाईच्या ओट्यावरून बघणारा सिनेमा हवा आहे: रस्त्याने पोरं पळत जाताना तिला काय दिसतं, तिन्हीसांजेला दार लावताना तिला कशाची भीती वाटते. भूत असू दे त्यात, खुशाल असू दे.

सेलमच्या खटल्यांत दोषी ठरवलेली एक बाई, एलिझाबेथ जॉन्सन, निर्दोष ठरायची राहून गेली होती. इथल्या एका शाळेतल्या आठवीच्या मुलांनी पाठपुरावा केला आणि २०२२ मध्ये तिचं नाव कायद्याने स्वच्छ झालं. ऑक्टोबरात टोप्या घालून हिंडायचं वय त्यांचं.

हे भावाला सांगितलं आणि वाडीतल्या त्या बाईचं नाव विचारलं. तो बराच वेळ आठवत राहिला. काकीला विचारून सांगतो म्हणाला.