भाईचा फोन आल्यावर पाळायची पथ्ये

सिनेमात नाव झालं, समुद्राकडे तोंड असलेला फ्लॅट झाला, आणि तरी अजून एकाही टोळीनं तुमच्याकडे खंडणी मागितलेली नाही? मग तुमचा पीआरवाला नेमका कशाचा पगार घेतो, ते आजच विचारा.

आधी जुन्या सवयी सोडा. नव्वदच्या दशकात हा व्यवहार फारच खासगी असे. रात्री फोन वाजायचा, पलीकडून ‘पेटी’ आणि ‘खोका’ असा हिशोब व्हायचा. (पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोटी. राजकारणानं हा शब्द बराच नंतर उचलला, तेव्हा श्रेय जिथलं तिथं द्यावं.) निर्माता घाम पुसत फोन ठेवायचा आणि घरातही बोलायचा नाही. १९९८ साली सरकारनं उद्योगाचा दर्जा जाहीर करेपर्यंत बँका सिनेमावाल्यांना दारात उभं करत नव्हत्या, त्यामुळे पैसा कुठून आला हे विचारायची रीत नव्हतीच. १२ ऑगस्ट १९९७ला अंधेरीत देवळातून बाहेर पडणाऱ्या गुलशन कुमार यांना भरदिवसा गोळ्या घातल्या गेल्या. २१ जानेवारी २००० रोजी राकेश रोशन यांच्यावर सांताक्रूझला गोळीबार झाला, तेव्हा त्यांचा सिनेमा लागून जेमतेम आठवडा झाला होता. भाई मंडळी पहिल्या आठवड्याचं कलेक्शन वितरकांच्या आधी बघत असावीत.

आता गोळी माणसाला लागायलाच हवी असं राहिलेलं नाही. भिंतीला लागली तरी भागतं. १४ एप्रिल २०२४च्या पहाटे वांद्र्याच्या गॅलक्सी अपार्टमेंटसमोर दुचाकीवरून दोघे आले, सलमान खानच्या घरावर गोळ्या झाडल्या आणि पसार झाले. जबाबदारी घेणाऱ्या पोस्टमध्ये हा निव्वळ ‘ट्रेलर’ असल्याचं म्हटलं होतं. ट्रेलर म्हटला की तो दाखवायला पडदे लागतात. ते फुकटात मिळाले आणि ट्रेलर दिवसभर चालला.

तुमच्याकडे असं घडलं तर काय होईल, ते आत्ताच समजून घ्या. सकाळी खाली ओबी व्हॅनची रांग लागेल. बूम (म्हणजे वाहिनीचा माइक) घेतलेला एक मुलगा तुमच्या कंपाउंडच्या भिंतीशी उकिडवा बसून करंगळी भोकात घालेल आणि कॅमेऱ्याला सांगेल, “आपण बघू शकता, अख्खं बोट आत जातंय.” स्टुडिओत तोवर ग्राफिक्सची मोटरसायकल तुमच्या सोसायटीचं चित्र ओलांडून पाचव्यांदा पळालेली असेल. मग तुमची बेडरूम कितव्या मजल्यावर, खिडकी कोणत्या दिशेला, मुलांची शाळेची गाडी किती वाजता येते, हे सगळं बाण काढून दाखवलं जाईल. टोळीनं रेकीला माणसं पाठवायची, त्यांच्या राहण्याखाण्याचा खर्च करायचा, हे आता खरं तर अडाणीपणाचं आहे. टीव्ही लावावा.

दुपारपर्यंत कुणीतरी विचारेलच, की पुढच्या महिन्यात यांचा सिनेमा येतोय ना? इथं चिडू नका. तुम्ही घाबरलेले दिसलात तर नाटक, हसलात तर स्टंट, आणि दिसलाच नाहीत तर ‘मौन का?’ अशी पट्टी. मधला चेहरा आरशासमोर बसवून ठेवा.

बाईट, म्हणजे कॅमेऱ्यासमोर दोन वाक्यं, हवा म्हणून वाहिन्यावाले तुमच्या मागे धावतील, पण मान मिळेल तो धमकी देणाऱ्याला. या विषयात ज्याचं नाव सर्वाधिक घेतलं जातं (मी घेत नाही, त्यात आणखी एकाची भर कशाला) त्याची मुलाखत मार्च २०२३मध्ये एका वाहिनीनं दाखवली. माणूस तेव्हा तुरुंगात होता. पुढे चौकशीत निघालं, की मुलाखतीचं चित्रीकरण पंजाबातल्या खरड येथे, पोलिसांच्याच कोठडीत असताना झालं होतं. पोलिस अधिकाऱ्याचं कार्यालय स्टुडिओसारखं वापरलं गेलं आणि सरकारी वाय-फायही दिलं गेलं, असं पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयानं नोंदवलं. तुम्हाला तक्रार नोंदवायला गेल्यावर बसायला खुर्ची मिळाली, तर नशीब समजा.

आणि हो, साक्ष द्यायचा मोह टाळा. सिनेमात टोळीचा पैसा लावल्याच्या आरोपावरून २००१च्या सुमारास गाजलेल्या फायनान्सर भरत शहांच्या खटल्यात भलेभले फितूर झाले. प्रीती झिंटानं तेवढी २००३ साली कोर्टात जबाब फिरवला नाही. तो शहाणपणा नव्हे, हे इंडस्ट्रीतल्या तमाम पुरुषांनी गप्प राहून दाखवून दिलंच.

तुमच्या स्टाफनंही एक लक्षात ठेवावं. ३० जून २००१ला मनीषा कोईरालाच्या सेक्रेटरीची गोळ्या घालून हत्या झाली. त्यांचं नाव आज किती जणांना आठवतं? मथळ्यात जागा एकाच नावाला असते, आणि ते नाव मरणाऱ्याचंच असेल असं नाही. दारावरच्या वॉचमनलाही बूम पुढे करून विचारतात, “कसं वाटलं?” बिचारा रात्रपाळी संपली तरी घरी गेलेला नसतो, कारण त्याचा बाईट अजून दुसऱ्या वाहिनीला हवा असतो.

काही दिवसांनी तुम्ही गॅलरीला बुलेटप्रूफ काच बसवाल. तिचंही चित्रीकरण होईल, मिस्त्री कोणत्या बाजूनं चढला यासकट. मग गर्दी ओसरेल, खाली पुन्हा नेहमीचे चाहते उभे राहतील. नोव्हेंबर २०२४मध्ये ऑनलाइन दुकानांत टोळीवाल्यांचे फोटो छापलेले टी-शर्ट विकायला आले होते. महाराष्ट्र सायबरनं गुन्हा नोंदवला, पण विकले गेलेले काही कुणी परत मागवले नसणार. तेव्हा गेटवर एखादं पोरगं सहीसाठी वही पुढे करेल, त्याला सही जरूर द्या. सेल्फी मागितली तर मात्र आधी त्याला जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढायला सांगा.