कॅथरीनचा संशय खोटा नव्हता

जेन ऑस्टिनच्या 'नॉर्थँगर ॲबी'चा विषय निघाला की एक सारांश हमखास ऐकायला मिळतो. परीक्षेच्या गाईडात तो असतो, पुस्तकांच्या गटांत फिरणाऱ्या परिचयांत असतो, चांगल्या वाचकांच्याही तोंडी असतो. तो असा: भयकथा वाचून डोकं फिरलेली कॅथरीन मॉर्लंड ही सतरा वर्षांची मुलगी एका जुन्या मठात पाहुणी म्हणून जाते. घराचे मालक जनरल टिल्नी यांनी बायकोचा घात केला, असा संशय ती घेते. त्यांचा मुलगा हेन्री तिचे कान उपटतो आणि ती भानावर येते. म्हणजे मठ हा नुसता देखावा, कादंबरी ही थट्टा, आणि तीही लेखिकेचा हात बसण्याआधीची. मी हे पुस्तक अनेकदा वाचलं आहे आणि दर वाचनात हा सारांश मला जास्त चुकीचा वाटत गेला आहे.

'हात बसण्याआधीची' हे आधी निकालात काढते. ऑस्टिनने ही कादंबरी १७९८-९९ मध्ये लिहिली आणि १८०३ मध्ये १० पौंडांना विकली. प्रकाशकाने ती छापलीच नाही. १८०९ मध्ये तिने टोपणनावाने खरमरीत पत्र पाठवलं, तेव्हा उत्तर आलं की १० पौंड भरा आणि हस्तलिखित घेऊन जा. ते परत मिळालं १८१६ मध्ये, आणि पुस्तक निघालं १८१७ च्या डिसेंबरात, तिच्या मृत्यूनंतर पाच महिन्यांनी. एवढी वर्षं एखादी बाई ज्या लिखाणाचा पिच्छा सोडत नाही, त्याला पोरखेळ म्हणू नये.

आता 'कादंबऱ्यांनी डोकं फिरलं' हा मुद्दा. या पुस्तकात खोटं कोण बोलतं ते बघा. जॉन थॉर्प हा बढाईखोर तरुण कादंबऱ्यांना नाक मुरडतो आणि वर सांगतो, वाचलीच तर रॅडक्लिफबाईंची वाचीन, म्हणजे तेव्हाच्या गाजलेल्या भयकथा-लेखिकेची. कॅथरीनची आवडती भयकथा 'युडॉल्फो' त्यांचीच आहे, हेही त्याला माहीत नसतं. उलट हेन्रीने ती दोन दिवसांत संपवलेली असते, अंगावर काटा आलेला असताना. कादंबरीत ज्याला आनंद मिळत नाही तो मठ्ठच असला पाहिजे, असं तो स्वच्छ म्हणतो. पाचव्या प्रकरणात तर लेखिका गोष्ट थांबवून कादंबरीची बाजू मांडते. एवढं सगळं असताना कादंबऱ्या वाचणाऱ्या मुलींची हे पुस्तक टर उडवतं, असं कशाच्या आधारावर म्हणायचं?

मठाबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण सारांशातली सगळ्यात मोठी चूक तिथे आहे.

१५३६ ते १५४० या चार वर्षांत आठव्या हेन्री राजाने इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे ८०० मठ मोडले. छपरांवरचं शिसं उतरवून वितळवलं गेलं, जमिनी राजाकडे गेल्या आणि तिथून सरदार-जमीनदारांच्या घशात. ऑस्टिनला हे नुसतं पुस्तकातून माहीत नव्हतं. नऊ-दहा वर्षांची असताना ती रेडिंगच्या मुलींच्या शाळेत होती. ती शाळा भरायची जुन्या मठाच्या वेशीतच. ११२१ मध्ये पहिल्या हेन्री राजाने बांधलेला तो मठ; त्याच्या शेवटच्या मठाधिपतीला १५३९ मध्ये त्याच गावात देहान्त शासन झालं होतं. म्हणजे लहानपणीच तिने पडक्या मठाच्या आवारात धडे गिरवले होते.

पंधराव्या वर्षी, १७९१ मध्ये, तिने घरच्यांसाठी इंग्लंडचा एक खट्याळ इतिहास लिहिला. त्यात ती म्हणते की आठव्या हेन्रीने मठ मोडून काळाच्या हवाली केले, त्याचा देशाच्या निसर्गशोभेला फार उपयोग झाला, आणि बहुधा त्याचा मुख्य हेतू तोच असावा. पडक्या कमानी पाहून हळवं होणाऱ्या रसिकांना ती मुलगी विचारते आहे की ही शोभा आली कुठून.

कादंबरीतला मठ याच लुटीतून आलेला. नॉर्थँगर हा जोगिणींचा श्रीमंत मठ होता आणि मोडतोडीच्या काळात तो टिल्नींच्या पूर्वजाच्या हाती पडला, हे पुस्तकात स्पष्ट लिहिलं आहे. कॅथरीनला हव्या असतात काजळलेल्या भिंती आणि कोळिष्टकं. तिला दिसते नव्या धर्तीची शेगडी आणि मोठाल्या लख्ख काचा. चौकाची चौथी बाजू जनरलच्या वडिलांनी पाडून तिथे नोकरांच्या कामाच्या खोल्या बांधलेल्या. ते पाहून ती मनातून चिडते. सारांशवाले म्हणतात, बघा, वेडीला पडझड हवी होती! मला त्या चिडण्यात आठवण राखायची धडपड दिसते. त्या घरात जुन्या जोगिणींचं काही उरलं आहे का, हे शोधणारी ती एकटीच आहे. जनरलसाहेब दाखवतात काचघरं आणि आदल्या वर्षी निघालेल्या शंभर अननसांची गोष्ट.

'हेन्रीने कान उपटले आणि ती शहाणी झाली' हे तर मला सगळ्यात जास्त खुपतं. मुळात मठाकडे जाताना गाडीत तिला गूढ पेटी, विझणारा दिवा, वादळी रात्र हे सगळं रंगवून सांगणारा कोण? हेन्रीच. आणि तो कान उपटतो म्हणजे काय म्हणतो? आपण इंग्लिश आहोत, ख्रिस्ती आहोत, इथे कायदा आहे, प्रत्येक माणसाभोवती शेजाऱ्यांची स्वखुशीची हेरगिरी असते, अशा गोष्टी इथे घडतीलच कशा? पण हे कोणत्या काळात लिहिलंय? १७९४ मध्ये सरकारने विनाचौकशी कैदेविरुद्धचं संरक्षण स्थगित केलं होतं, सुधारणावाद्यांवर राजद्रोहाचे खटले भरले होते. शेजाऱ्यावर पाळत ठेवणं हा तेव्हाच्या वाचकाला दिलासा वाटला असेल, असं मला वाटत नाही. शिवाय आईला बरंच सोसावं लागायचं, हे तोच हेन्री कबूल करतो.

थोड्याच दिवसांनी, मुलगी श्रीमंत नाही असं कळल्यावर, जनरल तिला घराबाहेर काढतो. रविवारी सकाळी सात वाजता, सोबत नोकर नाही, सत्तर मैलांचा प्रवास. एलेनरने, म्हणजे हेन्रीच्या बहिणीने, निघताना पैशांचं विचारलं नसतं तर वाटखर्चालाही पैसे नव्हते. पहिले चौदा मैल ती त्याच रस्त्याने जाते जिथून दहा दिवसांपूर्वी सुखात गेली होती. प्रत्येक ओळखीची खूण टोचते. अकरा तास अशी एकटी, गाड्या बदलत, ती घरी पोचते. आई सहज म्हणते, तू कायमची धांदरट, पण आता एवढ्या गाड्या बदलताना डोकं ठिकाणावर ठेवावंच लागलं असेल. कॅथरीन जाणती झाली असेल तर ती या रस्त्यावर, हेन्रीच्या प्रवचनाने नव्हे. जनरलने बायकोला मारलं किंवा कोंडलं असं समजण्यात तिने त्याच्यावर फारसा अन्याय केला नव्हता, हा निवाडाही पुस्तकातच आहे. सारांशात तो कधी येत नाही.

राहिलं ते कपाट. वादळी रात्री ती काळं-पिवळं कपाट उघडते, कप्प्यातून कागदाची गुंडाळी काढते, मेणबत्ती विझते, तीनचे टोले पडेपर्यंत डोळा लागत नाही. सकाळी उन्हात बघते तर धुण्याचा हिशेब: सदरे, मोजे, गळपट्टे. इथे सगळे हसतात आणि पुस्तक मिटतात. शेवटच्या प्रकरणात लेखिका जाता जाता सांगते की एलेनरचं एका तरुणावर प्रेम होतं. तो गरीब, म्हणून जनरलपुढे ते बोलायचीही सोय नव्हती. पुढे त्याला अचानक पदवी आणि संपत्ती मिळाली, तेव्हाच लग्न जमलं. हा तरुण मागे बरेच दिवस त्या घरी राहून गेला होता, आणि धुण्याचे ते कागद विसरला होता त्याचाच नोकर.