आधी घड्याळ चुकवा

डॉस या जुन्या कार्यप्रणालीवर चालणारा, बॅटरी संपलेला संगणक सुरू केला, की तो १ जानेवारी १९८० या दिवशी जागा होतो. त्या दिवशी मंगळवार होता, त्यामुळे माझ्या यंत्राच्या वाट्याला अलीकडे मंगळवाराखेरीज दुसरा वार फारसा आलेला नाही. १९८० च्या आधीही जग होते याची डॉसला कल्पना नाही. त्याच्या फाइलींच्या नोंदीत वर्षासाठी सात बिटे राखलेली आहेत आणि ती मोजणी १९८० पासून सुरू होऊन २१०७ साली संपते. १९८१ साली आलेल्या मूळ आयबीएम पीसीमध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नव्हतेच. तो दर वेळी सुरू होताना तारीख आणि वेळ विचारी आणि वापरणारे काहीही न सांगता एंटर दाबून पुढे जात. १९८४ च्या पीसी एटीमध्ये मोटोरोलाची घड्याळाची चिप आली, तिच्यासोबत बॅटरी आली, आणि बॅटरी संपण्याची सोयही तेव्हापासूनच झाली.

चाळीस वर्षे जुन्या घराण्यातल्या संगणकाला आज तारीख कशाला हवी, असा प्रश्न घरात विचारला गेला, आणि तो विचारण्याच्या सुरात उत्तराची अपेक्षा नव्हती. तरीही उत्तर आहे. मी त्या यंत्रावर अधूनमधून प्रोग्रॅम लिहितो, आणि तो बांधून देणारे ‘मेक’ हे साधन कोणती फाइल नवी आणि कोणती जुनी हे केवळ तिच्यावरच्या वेळेवरून ठरवते. दर सकाळी १९८० साल उजाडू लागले, तर काल रात्री बांधलेला प्रोग्रॅम आज सकाळी केलेल्या दुरुस्तीपेक्षा ताजा ठरतो, आणि ‘मेक’ अत्यंत समाधानाने कळवते की करण्यासारखे काहीच उरलेले नाही. कार्यालयीन कामकाजात हा शेरा मी पूर्वी पाहिलेला आहे. यंत्राकडून तो सहन होत नाही.

नवी बॅटरी बसवणे हा सरळ उपाय होता, पण माझ्या मदरबोर्डावरच्या चिपच्या पोटातच बॅटरी ओतीव प्लॅस्टिकमध्ये कायमची बंद केलेली आहे. ती बदलायची तर कानस घेऊन चिपचे पोट फाडावे लागते. शिवाय बॅटरी ताजी असली तरी घड्याळ बरोबर चालेल असे नाही. सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा तो क्वार्ट्झचा स्फटिक दशलक्षात वीस भाग इतका जरी चुकला, तरी दिवसाला पावणेदोन सेकंदांच्या आसपास आणि महिन्याला जवळजवळ एक मिनिट इकडचे तिकडे होते. तेव्हा यंत्राला नेटवर्कवरून वेळ घ्यायला शिकवावे, म्हणजे शस्त्रक्रियाही टळेल आणि अचूकताही लाभेल, असा विचार मी केला. जुन्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत असे विचार नेहमीच फार सुसंगत असतात.

नेटवर्कवरून वेळ जुळवण्याचा इतिहास या यंत्रांइतकाच जुना आणि मोठ्या योग्यतेचा आहे. पुढे डेलावेअर विद्यापीठात गेलेल्या डेव्हिड मिल्स यांनी १९८५ साली ‘नेटवर्क टाइम प्रोटोकॉल’ लिखित स्वरूपात मांडला आणि २०२४ च्या जानेवारीत त्यांचे निधन होईपर्यंत हा विषय त्यांच्याच नावाने ओळखला जात होता. त्यांच्या पद्धतीत प्रश्न निघाल्याची, पोहोचल्याची, उत्तर निघाल्याची आणि पोहोचल्याची अशा चार वेळा नोंदवून वाटेत गेलेला वेळ वजा केला जातो. माझ्या हाती लागलेला डॉसवरचा प्रोग्रॅम मात्र त्याही आधीच्या, १९८३ सालच्या, अत्यंत अल्पसंतुष्ट परंपरेतला होता. तो पोर्ट ३७ वर, म्हणजे सर्व्हरच्या वेळेसाठी राखलेल्या दारावर, जाऊन विचारतो, सर्व्हर चार बाइट पाठवतो, त्यांत १ जानेवारी १९०० च्या मध्यरात्रीपासून उलटलेल्या सेकंदांची संख्या असते, आणि संभाषण तिथेच संपते. वाटेत किती वेळ गेला याची कोणी चौकशी करत नाही.

प्रोग्रॅमच्या सोबत सर्व्हरांची एक यादी होती. तिच्यातले बहुतेक पत्ते आता अस्तित्वात नाहीत, आणि जे आहेत ते पोर्ट ३७ वरच्या हाकेला ओ देत नाहीत. हे एका परीने योग्यच झाले. २००३ साली एका कंपनीच्या घरगुती राउटरांमध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या वेळ-सर्व्हरचा पत्ता कायमचा कोरून ठेवलेला असल्यामुळे त्या विद्यापीठावर वेळ विचारणाऱ्यांचा असा काही पूर आला, की पहिल्यांदा तो हल्लाच वाटला होता. सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्याचा पत्ता कोरून ठेवणाऱ्यांविषयी माझे मत तेव्हापासून वाईट आहे. मी माझ्याच नव्या संगणकावर पोर्ट ३७ चा एक छोटा सर्व्हर लिहिला. त्यात अवघड काही नाही: आजचे संगणक १९७० पासून सेकंद मोजतात, त्या आकड्यात सत्तर वर्षांचे २,२०,८९,८८,८०० सेकंद मिळवायचे आणि चार बाइट पाठवून द्यायचे.

आणि वेळ आली. स्क्रीनवर तारीख बरोबर, महिना बरोबर आणि साल १९१२५ असे उमटले. हा जुना, ओळखीचा रोग आहे. प्रोग्रॅम लिहिण्याची सी ही भाषा वर्ष देताना १९०० पासूनची वर्षे देते, आणि विसाव्या शतकातल्या प्रोग्रॅमलेखकांनी त्या आकड्यापुढे विश्वासाने ‘१९’ छापून ठेवलेले असते. डॉसचे आतले घड्याळ तरी नीट लागले होते, म्हणून मी सतरा हजार वर्षांच्या त्या फरकाकडे मोठ्या मनाने दुर्लक्ष केले.

पण घड्याळ नीट लागल्याचा परिणाम लगेच दिसला. प्रोग्रॅम शेअरवेअर होता. तीस दिवस वापरून पाहा आणि आवडल्यास पैसे पाठवा, अशी त्याची अट होती. तो मी बसवला तेव्हा यंत्रात अर्थातच १९८० साल चालू होते. त्याने स्वतःच्याच हाताने वेळ दुरुस्त केली, कॅलेंडरकडे पाहिले आणि तीस दिवसांची मुदत संपून पंचेचाळीस वर्षे झाली असल्याचे मला सभ्य शब्दांत कळवून काम थांबवले. पैसे पाठवण्यासाठी दिलेला पत्ता टपालपेटीचा होता आणि पैसे धनादेशाने मागितले होते. यातून निघणारी वाट एकच: यंत्र पुन्हा १९८० मध्ये नेले, की प्रोग्रॅम आनंदाने चालतो. घड्याळ दुरुस्त करणारे हे साधन केवळ घड्याळ चुकलेले असतानाच काम करते, आणि एकदा काम केले की बेकार होते.

नेटवर्कचा पत्ता मिळवून देणाऱ्या प्रोग्रॅमनेही तोच धडा गिरवला. राउटरने यंत्राला चोवीस तासांसाठी पत्ता दिला, त्याची नोंद १ जानेवारी १९८० च्या तारखेने झाली, मग वेळ दुरुस्त झाली, आणि पुढच्याच क्षणी तो पत्ता पंचेचाळीस वर्षांपूर्वीच कालबाह्य झालेला निघाला.

डॉसला कंटाळून मी त्याच यंत्राच्या डिस्कवरील दुसऱ्या हिश्श्यातली युनिक्स वळणाची प्रणाली सुरू केली. तिथे मिल्स यांच्या परंपरेतला खरा, चार वेळा मोजणारा प्रोग्रॅम होता. तो सुरू झाला, त्याने सर्व्हरांशी गंभीरपणे विचारविनिमय केला आणि तो बंद पडला. घड्याळात एक हजार सेकंदांपेक्षा जास्त फरक दिसला तर काहीतरी भयंकर बिघडलेले आहे असे समजून काम सोडून द्यायचे, असा त्याचा मूळचा स्वभाव आहे. जरा बरे वाटू लागल्यावर या, असे सांगणाऱ्या वैद्याची मला आठवण झाली. सावकाश, घड्याळाची गती दशलक्षात पाचशे भाग इतकी बदलून फरक भरून काढण्याची एक पद्धत त्याच्यापाशी आहे. तिने एक सेकंद जुळवायला दोन हजार सेकंद लागतात, म्हणजे माझी पंचेचाळीस वर्षे जुळवायला नव्वद हजार वर्षे पुरली असती. अखेर मी फोनमध्ये पाहून तारीख आणि वेळ हाताने टंकली, आणि मग त्याने अत्यंत कुशलतेने मला माझीच वेळ सेकंदाच्या काही हजाराव्या भागापर्यंत घासून दिली.

मुक्काम शेवटी डॉसवरच करायचा असल्याने मी सुरुवातीला आपोआप चालणाऱ्या ऑटोएक्झेक फाइलीत एक क्रम बसवला. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर आधी येतो, १९८० मध्ये पत्ता मिळवला जातो, १९८० मध्येच वेळ-प्रोग्रॅम चालतो, आणि आपण वर्तमानात आल्यावर पत्ता पुन्हा एकदा मिळवला जातो. बॅटरी नसल्यामुळे दर सकाळी १९८० साल विनासायास उपलब्ध होते. तीच बॅटरी मी बदलली असती तर ही सगळी व्यवस्था कोसळली असती. प्रोग्रॅमला कालविभागाचा फरक फक्त पूर्ण तासांतच समजतो, आणि माझ्या घड्याळाला वरचा अर्धा तासही हवा असतो. तो अर्धा तास आता माझा सर्व्हर आपल्या पदरचा मिळवून पाठवतो. म्हणजे यंत्राला खरी वेळ कळावी यासाठी त्याला जाणूनबुजून खोटी वेळ सांगितली जाते.

या खटाटोपातून हाती येणारी अचूकता किती, हेही सांगायला हवे. डॉसचे घड्याळ सेकंदाला साधारण १८.२ ठोके देते, म्हणजे पंचावन्न मिलिसेकंदांहून बारीक काळ त्याला दिसतच नाही. फाइलीवर तर वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनी लिहिली जाते, त्यामुळे त्या डिस्कवरची एकही फाइल आजवर विषम सेकंदाला जन्मलेली नाही. आणि ७ फेब्रुवारी २०३६ रोजी ते चार बाइट भरून वाहतील आणि मोजणी पुन्हा शून्यावर, म्हणजे १९०० सालावर येईल. नव्या प्रोटोकॉलमध्ये सर्वांत वरचे बिट पाहून युग ओळखण्याची युक्ती आहे. माझ्या प्रोग्रॅमच्या कर्त्याला एवढ्या उशिरापर्यंत कोणी फुकट वापरत राहील असे वाटले नसावे.

तूर्त सर्व सुरळीत आहे. यंत्र मध्यंतरी दोन मध्यरात्री सलग चालू राहिले होते. जुन्या बायॉसमध्ये, म्हणजे यंत्राला जागे करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, मध्यरात्र उलटल्याची खूण एकाच बिटाइतकी असते. एकदा उलटली काय किंवा दोनदा, कोणी चौकशी केलेली नसेल तर तिच्या लेखी दिवस एकच जातो. मी परत येऊन पाहिले तेव्हा तास, मिनिट आणि सेकंद फोनशी तंतोतंत जुळत होते आणि तारीख कालची होती. वेळ पुन्हा जुळवायला गेलो, तर मुदत संपल्याची सूचना आली.