‘करायला’ दिसलं की ‘टू’ लावा? हे सूत्र मुलांना चुकायला शिकवतं

स्पर्धा परीक्षांच्या आणि ‘घरबसल्या इंग्रजी शिका’च्या ग्रुपवर एक सूत्र सारखं फिरत असतं. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच राहतो. मराठीत ‘करायला’, ‘जायला’, ‘समजायला’ असं काही आलं की इंग्रजीत विशेषणापुढे ‘टू’ आणि क्रियापदाचं मूळ रूप लावा. वाक्याचा कर्ता असेल तोच ती क्रिया करतो. विशेषण कुठलंही चालतं. ‘टू’ऐवजी ‘ऑफ’ किंवा ‘इन’ घातलं तरी अर्थ बदलत नाही. आणि ‘टू’नंतर मूळ रूपच येतं, त्याला अपवाद नाही. एवढं पाठ करा, बाकी व्याकरण सोडून द्या.

मराठी माध्यमातली मुलं विश्वासानं हे वहीत उतरवून घेतात आणि मुलाखतीत सांगतात, ‘आय ॲम डिफिकल्ट टू अंडरस्टँड धिस.’ त्यांना सांगायचं असतं, ‘मला हे समजायला अवघड जातंय.’ समोरच्याच्या कानावर मात्र ‘आय ॲम डिफिकल्ट टू अंडरस्टँड’ एवढं आधी पडतं, आणि त्याचा अर्थ होतो, ‘माझं बोलणं लोकांना कळत नाही.’ मूल हुशार असतं, विषय त्याला येत असतो, पण सूत्रानं त्याला तोंडघशी पाडलेलं असतं. म्हणून यातला एकेक दावा तपासायला हवा.

‘वाक्याचा कर्ता असेल तोच क्रिया करतो.’ सगळ्यात जास्त नुकसान या ओळीनं होतं. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९६०च्या दशकात दोन वाक्यं शेजारी शेजारी मांडली, ती भाषाशास्त्रात आजही शिकवली जातात: ‘जॉन इज ईगर टू प्लीज’ आणि ‘जॉन इज ईझी टू प्लीज’. वरवर पाहिलं तर फरक एका विशेषणाचा. पण पहिल्या वाक्यात जॉन दुसऱ्यांना खूश करायला उत्सुक आहे, म्हणजे खूश करणारा तो. दुसऱ्या वाक्यात जॉनला खूश करणं सोपं आहे, म्हणजे खूश करणारे इतर कुणीतरी आणि खूश होणारा जॉन. ‘ईगर’, ‘विलिंग’, ‘अफ्रेड’, ‘हॅपी’ ही एका गटातली. ‘ईझी’, ‘हार्ड’, ‘डिफिकल्ट’, ‘टफ’, ‘इम्पॉसिबल’ ही दुसऱ्या गटातली. क्रिया कोण करतंय हे विशेषण ठरवतं.

हा फरक इंग्रजी घरात वाढणाऱ्या मुलांनाही लगेच कळत नाही. भाषाशास्त्रज्ञ कॅरल चॉम्स्की यांनी ५ ते १० वर्षांच्या ४० मुलांच्या भाषेचा अभ्यास केला, तो १९६९ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी मुलांपुढे डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाहुली ठेवली आणि विचारलं, ‘इज धिस डॉल ईझी टू सी ऑर हार्ड टू सी?’ बाहुली तर समोरच होती, स्वच्छ दिसत होती. तरी बरीच लहान मुलं म्हणाली, ‘हार्ड टू सी.’ मग तिला ‘ईझी टू सी’ कर, असं सांगितल्यावर त्यांनी तिची पट्टी काढली. पाहणारी बाहुली आहे असंच त्यांनी धरलं होतं. कर्ता तोच करणारा, ही या मुलांची समजूत होती आणि वय वाढलं तशी ती मागे पडली. ग्रुपवरचं सूत्र नेमकी तीच समजूत मोठ्या विद्यार्थ्यांच्या डोक्यात बसवतं.

आणि वाईट याचं वाटतं की आपल्या मुलांना हा फरक मुळात परका नाही. ‘मी यायला तयार आहे’ यात येणारा मी. ‘हे गणित सोडवायला सोपं आहे’ यात गणित काही सोडवत नाही, ते सोडवलं जातं. मराठी बोलणाऱ्या प्रत्येकाला हे न शिकवता कळतं. ‘द चिकन इज रेडी टू ईट’चे दोन अर्थ होतात, तसे ‘कोंबडी खायला तयार आहे’चेही होतात. वर्गात इथून सुरुवात केली तर निम्मं काम झालं.

यातूनच आणखी दोन चुका सुटतात. ‘धिस सम इज ईझी टू सॉल्व्ह इट’ असं मुलं लिहितात. इथे ‘इट’ नको, कारण सोडवायची वस्तू कर्ता होऊन आधीच पुढे बसली आहे. दहावीच्या ‘रिमूव्ह टू’च्या प्रश्नात हेच दिसतं (हा ‘टू’ वेगळा, ‘फारच’ या अर्थाचा, दोन ‘ओ’ असलेला). ‘द टी इज टू हॉट फॉर मी टू ड्रिंक’ इथे शेवटी काही येत नाही. पण ‘सो’ आणि ‘दॅट’ घालून वाक्य बदललं की ‘द टी इज सो हॉट दॅट आय कॅनॉट ड्रिंक इट’ असं ‘इट’ घालावंच लागतं. ते का घालावं लागतं, हे सांगितलं तर पाठांतराची गरज उरत नाही. दुसरी चूक उलटी: ‘धिस चेअर इज कम्फर्टेबल टू सिट’. खुर्चीवर बसतात, म्हणून ‘टू सिट ऑन’ हवं. तसंच ‘ही इज डिफिकल्ट टू टॉक टू’. शेवटचं ‘टू’ गळलं की ज्याच्याशी बोलायचं तो माणूसच वाक्याला जोडलेला राहत नाही.

‘मला अवघड जातं’ हे सांगायचं असेल तेव्हा सरळ ‘इट इज डिफिकल्ट फॉर मी टू अंडरस्टँड धिस’ म्हणावं. मात्र हे ‘फॉर’ सगळीकडे चालत नाही. माणसाच्या स्वभावाचं किंवा वागण्याचं विशेषण असेल तर ‘ऑफ’ येतं: ‘इट वॉज काइंड ऑफ यू टू कम’. चांगुलपणा येणाऱ्या माणसाचा असतो. अवघडपणा माणसाचा नसून कामाचा असतो, म्हणून तिथे ‘फॉर’.

‘विशेषण कुठलंही चालतं.’ नाही चालत. ‘एबल टू डू’ होतं, पण जवळजवळ त्याच अर्थाचं ‘कॅपेबल’ घेतलं की ‘कॅपेबल ऑफ डूइंग’ म्हणावं लागतं. ‘ही इज लाइकली टू कम’ बरोबर, ‘ही इज प्रॉबेबल टू कम’ चूक. ‘बिझी’ आणि ‘वर्थ’ यांच्यापुढे थेट आयएनजीचं रूप लागतं: ‘बिझी कुकिंग’, ‘वर्थ रीडिंग’. अर्थावरून हे ओळखता येत नाही. प्रत्येक विशेषण त्याच्या जोडीदारासकट लक्षात ठेवावं लागतं, आणि चांगल्या शब्दकोशात ती जोडी उदाहरणासह दिलेली असते.

‘ऑफ, इन घातलं तरी अर्थ तोच.’ मग ही दोन वाक्यं पाहा. ‘ही इज शुअर टू विन’: तो नक्की जिंकणार, ही खात्री बोलणाऱ्याची. ‘ही इज शुअर ऑफ विनिंग’: जिंकण्याची खात्री त्याला स्वतःला आहे, बाकीच्यांना नसेलही. निवडणुकीच्या बातमीत या दोहोंची अदलाबदल झाली तर वार्ताहरानं स्वतःच निकाल सांगून टाकल्यासारखं होईल. ‘अफ्रेड टू क्रॉस’ म्हणजे भीतीमुळे रस्ता ओलांडायला धजत नाही. ‘अफ्रेड ऑफ फॉलिंग’ म्हणजे पडायची भीती. पडणं कुणी ठरवून करत नाही, म्हणून तिथे ‘टू फॉल’ बसत नाही. नोकरीच्या अर्जात ‘इंटरेस्टेड टू जॉइन’ सर्रास दिसतं. तिथे ‘इंटरेस्टेड इन जॉइनिंग’ लिहावं. ‘इंटरेस्टेड टू’ शोभतं ते ‘हिअर’, ‘नो’, ‘सी’ अशा कळण्या-पाहण्याच्या क्रियापदांबरोबर.

‘टू’नंतर मूळ रूपच येतं, हा शेवटचा दावा. ‘आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली’ हे वाक्य त्यात बसत नाही. मला लवकर उठायची सवय आहे, असा त्याचा अर्थ. ‘आय यूज्ड टू गेट अप अर्ली’ म्हणजे पूर्वी उठायचो, आता नाही. ‘अकस्टम्ड टू’ आणि ‘ऑपोज्ड टू’ यांच्यापुढेही आयएनजीचं रूपच लिहावं. इथला ‘टू’ हा ‘ऑफ’, ‘इन’ यांच्या जातीचा आहे, क्रियापदाच्या मागचा नव्हे. ओळखायचं कसं? क्रियापद काढून तिथे ‘धिस’ ठेवून पाहा. ‘आय ॲम यूज्ड टू धिस’ बरोबर वाटतं, तेव्हा पुढे ‘गेटिंग’. ‘आय ॲम ईगर टू धिस’ कानाला खटकतं, तेव्हा पुढे ‘गेट’.