वाट अडवणाऱ्यानेच आधी बाजूला व्हावं

‘कोणी फोटो काढत असेल तर चालणाऱ्यांनी दोन मिनिटं थांबावं, हा साधा शिष्टाचार आहे,’ हे गडावर फोटो काढण्याबद्दलच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. रविवारी सकाळी सिंहगडावर जाऊन बघा. पुणे दरवाजाचे तिन्ही दरवाजे एकापाठोपाठ एक, मधे पायऱ्या. एकाची पोझ जमेपर्यंत मागे सगळी रांग खोळंबते. त्यात गुडघ्यावर हात टेकून चढणाऱ्या आजी असतात, कडेवर पोर घेतलेली आई असते. पावसाळ्यात तर दगड शेवाळलेले, निसरडे. तिथे माणसांना थांबवून ठेवणं सरळसरळ धोक्याचं आहे. फोटो जरूर काढा, पण दरवाजा ओलांडून मोकळ्या जागेत या, किंवा गर्दी ओसरू द्या.

आणि गडावर पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही विकणाऱ्या मावश्यांबद्दल लेखात एक अक्षर नाही! चुलीपुढे बसलेल्या बाईच्या तोंडासमोर न विचारता मोबाईल धरतात. एका मावशींनी माझ्यादेखत पदर तोंडावर ओढून घेतला; हातातली भाकरी अर्धवट थापलेली. तरी तो मुलगा ‘मावशी, जरा इकडे बघा ना’ म्हणत उभाच. मला राहवलं नाही, मी त्याला मोबाईल खाली घ्यायला लावला. त्या तिथे पोटासाठी बसतात, आपल्या रीलसाठी नाही. ‘काढू का फोटो?’ असं आधी विचारा, आणि त्या नको म्हणाल्या तर दुसऱ्यांदा विचारू नका.