माझ्या रिब्जना हात लावू नका!

चार दिवस झाले, अजून डोकं शांत झालेलं नाही. म्हणून लिहून टाकते.

रविवारी गच्चीवर पोर्क रिब्ज करायच्या होत्या. कॅम्पातल्या दुकानदाराला गुरुवारीच फोन करून बजावलं होतं, बरगडीचे तीन पट्टे अख्खे ठेवा, तोडू नका. शनिवारी सकाळी गेल्यावर पुन्हा सांगितलं. "हो ताई, हो ताई." पैसे काढायला पर्समध्ये मान घातली आणि खाट खाट खाट! सत्तुराने एका पट्ट्याच्या फोडी करून मोकळा. वर म्हणतो, "सगळे असंच नेतात, रश्श्यात छान लागतं." अहो, मी रस्सा करतेय असं तुम्हाला कोणी सांगितलं? एवढेसे तुकडे जाळीवर टाकले की मऊ व्हायच्या आत वाळून कोळसा होतात. उरलेले दोन पट्टे मी त्याच्या ठोकळ्यावरून ओढून घेतले.

पण तो निदान परका होता.

सॉस मी बाटलीतलं आणत नाही. त्यात गोडाखेरीज काही लागतच नाही. शनिवारची अख्खी दुपार चुलीपाशी होते. किलोभर टोमॅटो, दोन कांदे आणि लसणाचा गड्डा भाजून वाटला. त्यात भिजवलेल्या ब्याडगी मिरच्या, मोहरीची पूड, चिंचेचा कोळ, व्हिनेगर आणि काकवी. अमेरिकेत कॅन्सस सिटीकडच्या दाट, गोडसर सॉसमध्ये टोमॅटोबरोबर मोलॅसिस घालतात. तीही उसाचीच. आपल्याकडे गुऱ्हाळातली काकवी असताना ती कशाला शोधायची? मंद आचेवर दोन तास आटवलं. पळीवरून बोट फिरवलं की रेघ तशीच राहायला हवी, तशी राहिली. आंबट, तिखट, गोड, सगळं जिथल्या तिथे. रात्री अकराला बरणी भरली तेव्हा बोटांना मिरची झोंबत होती.

रविवारी सकाळी पट्ट्यांच्या आतल्या बाजूचा पापुद्रा काढला. तो ठेवला तर शिजल्यावरही दाताखाली रबरासारखा येतो. चमच्याच्या दांड्याने टोक सोडवायचं, कोरड्या फडक्यात धरायचं आणि ओढायचं. मग मीठ-मिरी चोळलं. वखारीतून आणलेला लाकडी कोळसा शेगडीच्या एकाच बाजूला पेटवला, रॉकेलचा थेंबही न घालता. दुसऱ्या बाजूला पाण्याचा ट्रे, वर जाळीवर रिब्ज, आणि झाकण. आत साधारण १२० अंश. पाच तास. बरगडीच्या मांसात हाडाभोवती चिवट धागे असतात. ते विरघळायला मांस आतून ९०-९५ अंशांपर्यंत हळूहळू चढावं लागतं. आच वाढवून हे काम लवकर होत नाही. बाहेरून जळतं, आतून चिवटच राहतं.

तीन तास झाले. रंग असा सुरेख चढला होता, तांबूस, गडद. दारावर कुरिअरवाला आला म्हणून मी दहा मिनिटं खाली गेले. फक्त दहा मिनिटं!

वर आले तर धाकटे दीर चिमटा घेऊन उभे. झाकण भिंतीला टेकवलेलं. दोन्ही पट्टे थेट निखाऱ्यांवर ओढलेले, पुठ्ठ्याने जोरजोरात वारा घालणं चाललेलं, आणि माझी बरणी अर्ध्याहून जास्त रिकामी. "वहिनी, आचच नव्हती हो. शेगडीचं काम आमच्यावर सोडा, तुम्ही बसा निवांत."

निवांत?

त्या सॉसमध्ये काकवी आहे. साखर आहे ती. निखाऱ्यावर साखर दोन मिनिटांत काळी पडते. म्हणून सॉस शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत लावायचं असतं, पातळ थर, आचेपासून लांब, एक सुकला की दुसरा. त्यांनी पळीने ओतलं होतं! चरबी आणि सॉस निखाऱ्यांवर ठिबकून भडका उडत होता, काळा धूर शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या चादरींवर चालला होता. मी चिमटा हिसकावला तोवर एक बाजू डांबरासारखी झाली होती.

जेवायला बसल्यावर जे झालं त्यानं खरी तिडीक गेली. पहिला घास घेऊन तेच दीर म्हणतात, "सॉस जरा कडू झालंय ना वहिनी? बाटलीतलं आणायचं होतं." आणि ताटावरचे सगळे माना डोलावतात! माझ्या नवऱ्यासकट! सॉस कडू नव्हतं. तुम्ही ते जाळलंत. मांस चिवट लागतंय कारण त्याचे दोन तास तुम्ही खाल्लेत. मी हे तिथेच, सगळ्यांसमोर, याच शब्दांत सांगितलं. तर म्हणे, एवढं काय मनाला लावून घेता, जेवणच आहे.

नाही, नुसतं जेवण नाहीये ते. माझे दोन दिवस आहेत. भाकरी तव्यावर असताना मी कधी कोणाच्या हातातलं उलथनं काढून घेतलंय?

बरणीत चार चमचे सॉस उरलंय. काल रात्री पोळीला लावून खाल्लं. अजिबात कडू नाहीये.