चिवड्याशी तह

रात्री साडेअकराला दिवा न लावता, झाकणाचा आवाज होऊ न देता, उभ्याउभ्या चिवडा खाणाऱ्या माणसाला खरोखरच भूक लागलेली असते, यावर घरात कुणाचा विश्वास बसत नाही. त्याचा स्वतःचाही नाही. तो आधी खोबऱ्याचे काप वेचतो, मग काजू, मग दाणे, मग डाळं. उरलेले पोहे डबा हलवून सारखे करतो, म्हणजे सकाळी संशय नको. आणि "सोमवारपासून बंद" असं ठरवून झोपतो. हा सोमवार कधी उगवलाच, तर त्या दिवशी नेमका कुणाचा तरी वाढदिवस असतो.

माझ्या मते या माणसाचा गुन्हा रात्रीचा नाहीच, दिवसाचा आहे. सकाळी कोमट पाण्यात लिंबू, अकराला ग्रीन टी, दुपारी काकडी आणि एक फुलका, संध्याकाळी "मला काही नको". त्याच्या लेखी हे डाएट. शरीराला तेवढं इंग्रजी येत नाही, ते याला दुष्काळ समजतं.

1944-45 साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज या संशोधकांनी 36 धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं. रोज सुमारे 1,570 कॅलरी. आपल्याकडे 1,200 चे तक्ते व्हॉट्सॲपवर फिरतात! युद्धात लढायला तत्त्व म्हणून नकार दिलेली ही निश्चयी माणसं हळूहळू पाककृतींची पुस्तकं वाचू लागली, अन्नात पाणी घालून ते वाढवू लागली, ताटल्या चाटू लागली. पुढे पोटभर मिळायला लागल्यावरही कित्येकांचं खाऊन समाधान होईना. तेव्हा चिवड्यापुढे आपला निश्चय गळून पडला तर त्यात चारित्र्याचा प्रश्न काढू नये.

लढून हरण्यापेक्षा तह बरा. त्याची मुख्य अट म्हणजे दिवसा नीट जेवणे. उठल्यावर तास-दोन तासांत नाश्ता आणि पुढे दर तीन-चार तासांनी काहीतरी. दुपारी पोळी-भाजी, आमटी किंवा उसळ, भात, ताक, आणि भातावर तूप. तुपाचा चमचा वाचवून जी धन्यता वाटते, ती चारच्या चहापर्यंतसुद्धा टिकत नाही. साडेपाचच्या सुमाराला केळं नाहीतर दाणे-गूळ पोटात गेलाच पाहिजे. ही वेळ चुकली की माणूस घरी येऊन चपला काढायच्या आधी फ्रीज उघडतो. वेळा ठरल्या की शरीरही त्याच सुमाराला भुकेचा इशारा द्यायला शिकतं.

मग चिवडा दिवसाढवळ्या खायचा. चहाबरोबर, आमटीच्या वाटीत काढून, बसून, डबा फडताळात परत ठेवून. वाटीभर पातळ पोह्यांचा चिवडा जेमतेम 25-30 ग्रॅम भरतो, त्याने आभाळ कोसळत नाही. हवा असेल तर दुसरी वाटी घ्यावी, पण तीही उठून, वाढून घेऊन. हा प्रयोग फसतो तो वेळेमुळे. लोक तो नेमका कडकडून भूक लागल्यावर करतात, डबा संपवतात आणि "बघा, मला झेपत नाही" म्हणून मोकळे होतात. सुरुवातीला जरा जास्त खाल्ला जातोच, कारण उद्या मिळेल यावर मनाचा भरवसा नसतो. रोज मिळतोय असं दिसलं की चिवड्याचा रुबाब उतरतो. मिठाईच्या दुकानात नोकरी करणारा जिलबीकडे वळूनही बघत नाही, ते काही वैराग्याने नाही.

भुकेला एक ते दहा आकडे द्यावेत. एक म्हणजे हात थरथरतायत आणि नवऱ्याचं श्वास घेणंही खटकतंय. दहा म्हणजे पंगतीनंतर नाडी सैल केलेली. तीनला बसावं, सातला उठावं. सात ओळखायचा कसा? पहिल्या घासाला लागलेली चव अर्ध्या पानावर तेवढी लागत नाही. तिथे हात थांबवून क्षणभर बघायचं. पोट भरल्याची वर्दी डोक्यात पोचायला वीसेक मिनिटं लागतात आणि मोबाइल बघत आपण सात मिनिटांत ताट संपवतो.

एखाद्या दिवशी जास्त झालंच, तर पुढचं जेवण वेळेवर, नेहमीचंच. शिक्षा म्हणून लंघन केलं की फिरून साडेअकरा वाजतात. मधुमेह वगैरे असेल तर वेळा आणि प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. खाण्यावर ताबाच राहत नाही किंवा खाल्लेलं मुद्दाम उलटून टाकलं जातंय, असं असेल तर विनोद बाजूला ठेवून आधी त्यांच्याकडेच जावं.

एवढं करून माणूस स्वतःशी तह करतो, पण मावशी त्यात पक्षकार नसते. "केवढी सुटलीयेस गं!" आणि "घे की अजून एक, एवढ्याशाने काय होतंय!" ही दोन वाक्यं ती एका श्वासात म्हणते आणि दोन्ही मनापासून. तिला "डाएट आहे" सांगू नये, त्यावर चर्चासत्र होतं. "मस्त झालाय गं लाडू, पण आत्ता पोट भरलंय, डब्यात दे, उद्या चहाबरोबर खाईन," असं म्हणावं. यात लाडवाचा अपमान नाही, मावशीचा नाही आणि पोटाचाही नाही. फक्त तो डबा धुऊन, त्यात काहीतरी घालून, वेळेत परत पोचवायचा. रिकामा गेला तर वजनाचा विषय मागे पडतो आणि संस्कारांचा निघतो.